पायाचा स्वर न वाजवणारा डावा हात

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भाता मारण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे स्वरांचे सगळे काम एकट्या उजव्या हाताकडे येते. पियानोत हातोड्या तारांवर आपटून ध्वनी निघतो. तिथे भात्याची भानगड नाही आणि डावा हात मोकळा राहतो. या मोकळ्या हाताने काय वाजवायचे, याचा शोध अमेरिकेतील जॅझ पियानोवादक १९२० पासून पुढे तीस-चाळीस वर्षे घेत होते. त्यांना सापडलेले उत्तर प्रथम ऐकताना विचित्र वाटते. ज्या स्वरावर स्वरसंघ उभा आहे, नेमका तोच स्वर गाळायचा!

हल्ली अनेक घरांत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो. मुले पुस्तकातील आकृती पाहून डाव्या हाताने स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, वाजवू लागतात. पट्ट्या बरोबर दाबलेल्या असतात, तरी डावीकडे सरकत गेले की आवाज गढूळ होतो. मग ‘मला कानच नाही’ असे म्हणून मूल वाद्य बाजूला ठेवते. वास्तविक त्याचा कान अगदी ठीक असतो, म्हणून तर त्याला गढूळपणा कळतो! दोष आकृतीचा आहे. स्वर कोणते ते ती सांगते, पण ते कोणत्या सप्तकात वाजवायचे याबद्दल मौन पाळते.

आपण पांढरी एक हा सा धरू. पियानोच्या मध्यावरील सा ची कंपनसंख्या सुमारे २६२ हर्ट्झ, त्यावरच्या ग ची ३३०. फरक ६८. आता दोन सप्तके खाली या. तिथला सा ६५ हर्ट्झचा आणि ग ८२ चा. दोन्ही जोड्यांचे गुणोत्तर एकच आहे, पण खाली फरक उरला फक्त १७ हर्ट्झ. जवळच्या कंपनसंख्यांचे दोन ध्वनी एकत्र वाजले की आवाज फरकाइतक्या वेळा कमी-जास्त होतो. यालाच आपण विस्पंद म्हणतो. सेकंदाला दोन-तीन विस्पंद मोजता येतात. वीस-तीस झाले की मोजणे अशक्य होते आणि कानाला फक्त खरखर जाणवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात कर्कशपणाचा उलगडा याच खरखरीने केला होता.

पण खरखर कानात कुठे निर्माण होते? आतल्या कानातील शंखाकृती नळीत एक लांबट पडदा असतो. उच्च स्वरांनी त्याचे एक टोक अधिक थरथरते, खालच्या स्वरांनी दुसरे. (या पडद्यावरील संशोधनासाठी बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) दोन स्वरांच्या थरथरीच्या जागा एकमेकींवर चढल्या की कानाला ते सुटे करता येत नाहीत. ज्या अंतराच्या आत असे होते त्याला क्रांतिक पट्टा म्हणतात. पाचशे हर्ट्झच्या खाली हा पट्टा साधारण शंभर हर्ट्झ रुंद असतो आणि आणखी खाली गेले तरी तो फारसा अरुंद होत नाही. सगळी गोम इथेच आहे. स्वर खाली जातील तसे त्यांच्यातील फरक निम्मे-निम्मे होत जातात, पण कानाची चाळणी तेवढीच जाड राहते. प्लोम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी १९६५ मध्ये शुद्ध स्वरांवर प्रयोग करून दाखवले की पट्ट्याच्या सुमारे एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे आपल्या उदाहरणात पंचवीसेक हर्ट्झवर, खरखर सर्वाधिक असते. आपले १७ त्याच्या अगदी शेजारी आहेत. शिवाय प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर येतात आणि त्यांचीही आपसांत झटापट होते, ती वेगळीच.

शाळेत प्रार्थनेची पेटी असेल तर हे तासाभरात दाखवता येईल. अगदी डावीकडचे सा आणि ग एकत्र दाबा, मग तीच जोडी एकेक सप्तक वर न्या. नंतर डावीकडे सा आणि प दाबून पाहा. सा-प बरेच खालीसुद्धा सुसह्य लागतात, कारण त्यांच्यात फरकही मोठा आणि ३:२ या सोप्या गुणोत्तरामुळे त्यांचे कित्येक उपस्वर एकमेकांवर बसतात. पेटीच्या पत्तीत उपस्वर भरपूर असतात. म्हणून गढूळपणाची हद्द सगळ्या वाद्यांना एकच असत नाही.

आता डाव्या हाताच्या इतिहासाकडे. जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर यांच्या पिढीचा डावा हात एखाद्या झोक्यासारखा होता. पहिल्या मात्रेला खोल पायाचा स्वर, दुसरीला उडी मारून मध्यावर कॉर्ड. सा आणि ग एकत्र हवेच असतील तर ते ग ला एक सप्तक वर नेत. गढूळपणा टळे, पण हात सुमारे २१ सेंटीमीटर फाकावा लागे. वॉलरचा पंजा त्यासाठी प्रसिद्धच होता. या पिढीतील टेडी वेदरफर्ड १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असे. १९४५ मध्ये तो कोलकात्यात वारला. त्या काळच्या मुंबईतील जॅझ वाद्यवृंदांत गोव्याचे अनेक वादक होते आणि पुढे त्यांतील कित्येक हिंदी चित्रपटसंगीतात आले.

१९४० नंतर चाली वेगवान झाल्या. उड्या मारायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती, कारण शेजारी उभा असलेला डबल बेसवादक पायाचे स्वर चालवतच होता. बड पॉवेलने डाव्या हातात दोन-तीनच स्वर ठेवले. १९५० च्या दशकात रेड गारलंड, विंटन केली आणि बिल एव्हान्स यांनी पुढचे पाऊल टाकले. बेसवादक पाया वाजवतो आहे, मग आपण तो दुसऱ्यांदा कशाला वाजवायचा? १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या मायल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये पॉल चेंबर्सच्या बेसवर एव्हान्सची ही पद्धत ऐकायला मिळते. एका रचनेत पियानोवर केली आहे.

पाया गाळला तर कॉर्डची ओळख कशात राहते? त्यासाठी जॅझमध्ये पावलोपावली येणारी तीन कॉर्डची साखळी घेऊ. पहिली रे-म-ध-सा, दुसरी प-नि-रे-म, तिसरी सा-ग-प-नि. यातील प्रत्येकीचा तिसरा आणि सातवा स्वर मोजा. पहिलीत म आणि सा, दुसरीत नि आणि म, तिसरीत ग आणि नि. हे दोन स्वरच कॉर्डचा स्वभाव ठरवतात. आता ते एकापुढे एक मांडा: म-सा, म-नि, ग-नि. पहिल्या बदलात फक्त सा अर्ध्या स्वराने उतरून नि झाला. दुसऱ्यात फक्त म अर्ध्या स्वराने उतरून ग झाला. पायाचे स्वर रे वरून प वर आणि तिथून सा वर उड्या मारत असताना डावा हात जागचा हलतही नाही. मला स्वतःला या साखळीइतकी काटकसरीची रचना संगीतात क्वचितच दिसली आहे.

या दोन स्वरांत आणखी दोन घातले की रूढ मांडणी तयार होते. पहिली म-ध-सा-ग, दुसरी म-ध-नि-ग, तिसरी ग-प-नि-रे. करंगळी खालच्या स्वरावर, अंगठा वरच्या. पहिलीवरून दुसरीवर जाताना चारांपैकी एकच बोट सरकते. हे सारे मध्य सा च्या आसपास, सुमारे १६० ते ३३० हर्ट्झच्या दरम्यान वाजते. दुसऱ्या कॉर्डमधील ध आणि नि यांच्यात मात्र २७ हर्ट्झचाच फरक आहे, म्हणजे खरखर जवळजवळ कमाल. ती मुद्दाम ठेवलेली असते. कैरीच्या लोणच्यातील मेथीसारखी एका जागी ती हवी असते, सगळीकडे पसरली की नको होते.

पट्टी बदलली की हीच मांडणी फार वर किंवा फार खाली जाते. तेव्हा वरचे दोन स्वर एक सप्तक खाली आणायचे: सा-ग-म-ध, नि-ग-म-ध, नि-रे-ग-प. एवढी दोन रूपे पुरतात. शिकणाऱ्याने बारा पट्ट्यांच्या मागे एकदम लागू नये. एका पट्टीत दोन्ही रूपे, डोळे मिटून, बेसचा स्वर तोंडाने गात वाजवता आली की पुढच्या पट्टीकडे वळावे. गाणे टाळू नये, कारण पायाशिवाय या मांडण्या अनेकार्थी आहेत. म-ध-सा-ग एकटे वाजवले तर पाया म वर आहे असे वाटते, खाली रे वाजला की तीच कॉर्ड रे ची होते.

याहून गमतीचा प्रकार म आणि नि यांचा. त्यांच्यात सहा अर्धस्वर आहेत, म्हणजे बरोबर अर्धे सप्तक. बारा समान भागांच्या मेळात त्यांचे गुणोत्तर दोनाचे वर्गमूळ येते. म वरून नि वर जा किंवा नि वरून वरच्या म वर, अंतर तेवढेच! म्हणून प या पायावर जे नि-म तिसरा आणि सातवा स्वर आहेत, तेच कोमल रे या पायावर सातवा आणि तिसरा होतात. प आणि कोमल रे हेही एकमेकांपासून अर्ध्या सप्तकावरच आहेत. त्यामुळे बेसवादकाने प ऐवजी कोमल रे वाजवला तरी डाव्या हाताला काहीच बदलावे लागत नाही आणि बेस कोमल रे वरून सा वर अर्ध्या स्वराने अलगद उतरतो.

हेही पेटीवर करून पाहता येईल. एकाने भाता मारावा, दुसऱ्याने म-ध-नि-ग धरून ठेवावे आणि तिसऱ्याने डावीकडे आधी प, मग कोमल रे दाबावा. वर्गाने डोळे मिटून ऐकावे आणि वरचे चार स्वर बदलले की नाही ते सांगावे.