मूळ प्रणालीस धक्का न लावता

दिल्लीतील आर. के. पुरम हा भाग केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील सरकारी घरात राहावयास येणारे कुटुंब आपले कपाट, पलंग व पुस्तके बरोबर आणते आणि बदली झाली की परत नेते. परंतु भिंत पाडण्याचा वा नळाची जोडणी बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. एका घरात नळ तोडला, तर शेजाऱ्यांचेही पाणी बंद पडावयाचे. संगणकातही असाच भेद पाळावा लागतो.

ज्या मूळ आज्ञावलींवर संगणकाचा सर्व व्यवहार चालतो, त्यांच्या संचास कार्यप्रणाली म्हणतात. डेबियन, उबुंटू आदी लिनक्स प्रणालींतील काही अंतर्गत साधने पायथन या संगणकभाषेत लिहिलेली आहेत. म्हणून तिची ठराविक आवृत्ती प्रणालीबरोबरच येते. आता एखाद्या विद्यार्थ्याने आलेख काढण्यासाठी एखादे पॅकेज, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, थेट प्रणालीच्या जागेत बसविले, असे समजू. त्याच्याबरोबर येणारी साहाय्यक पॅकेजे जुन्यांची जागा घेऊ शकतात. मग विद्यार्थ्याचा आलेख निघतो. परंतु जुन्या आवृत्तीवर विसंबून असलेले प्रणालीचे साधन मात्र बंद पडण्याचा संभव असतो.

यावरील उपाय म्हणजे स्वतंत्र कप्पा. २०१२ साली पायथनच्या ३.३ या आवृत्तीत ‘व्हेन्व्ह’ नावाची सोय आली. तिच्या साहाय्याने वापरणाऱ्याच्या स्वतःच्या जागेत एक निराळे फोल्डर तयार होते व त्या कामाची पॅकेजे तेथेच बसतात. एका कामास जुनी आवृत्ती आणि दुसऱ्यास नवी हवी असेल, तर दोन कप्पे करावेत. काम संपल्यावर कप्पा पुसून टाकला, तरी मूळ प्रणाली जशीच्या तशी राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ मध्ये तर ‘पिप’ हे पॅकेज बसविणारे साधन प्रणालीच्या जागेत लिहिण्यास सहसा नकार देते आणि हाच मार्ग सुचविते.

पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर अनेक संशोधक काम करतात. अशा सामायिक यंत्रावर एकाच्या सोयीसाठी सर्वांचा पाया बदलणे शक्य नसते. म्हणून प्रत्येकाने आपली पॅकेजे आपल्या जागेत ठेवणे हीच रीत होय.

घराची उपमा मात्र येथे थोडी अपुरी पडते. हा कप्पा सामानासारखा उचलून दुसऱ्या संगणकावर नेऊ नये. पॅकेजांची नावे व आवृत्त्या यांची यादी न्यावी आणि तिच्यावरून तेथे नवा कप्पा उभारावा. दुसरे असे की, कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे. त्यात बसविलेले घातक पॅकेज वापरणाऱ्याच्या इतर फायली वाचू शकते. तेव्हा पॅकेज कोठे बसवावे याइतकेच ते कोठून आणावे, याचेही भान ठेवणे अगत्याचे आहे.