मध्यरात्री डोळ्यांत वाळू सलते तेव्हा

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावात ट्रॉली, नांगर, खिडकीच्या जाळ्या यांचे वेल्डिंग रस्त्याच्या कडेलाच चालते. दिवसभर ते काम करून आलेला मुलगा जेवतो, ईशाची नमाज अदा करून झोपतो. मध्यरात्री मात्र कण्हत उठतो. डोळ्यांत वाळू भरल्यासारखे सलते, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. घर घाबरून जाते.

हे वेल्डिंगच्या ठिणगीतील अतिनील किरणांचे काम. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची त्वचा त्यांनी भाजते. त्रास बहुधा ६ ते १२ तासांनी सुरू होतो, म्हणून दुपारच्या कामाशी त्याचा संबंध लक्षात येत नाही. दिलासा हा, की ही त्वचा साधारण २४ ते ७२ तासांत पुन्हा भरून येते. तोवर तिला त्रास न देणे, हाच मोठा उपचार.

कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढा. अंधाऱ्या खोलीत विश्रांती द्या. मिटलेल्या डोळ्यांवर थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवा. वुजू करताना डोळे चोळू नका. दूध, मध, गुलाबजल नको. बरे होईपर्यंत सुरमाही नको.

सकाळी डॉक्टरांना दाखवा. ते ओलावा देणारे व जंतुसंसर्ग टाळणारे थेंब आणि दुखण्याची गोळी देतात. तपासताना बधिर करणारा थेंब टाकला की क्षणात आराम पडतो. पण ती बाटली घरी मागू नका. वारंवार वापरल्यास जखम भरत नाही, बुबुळावर व्रण पडून नजर जाऊ शकते. स्टेरॉइडचे थेंबही मनाने टाकू नका.

एकच डोळा दुखत असेल तर ग्राइंडरचा लोखंडी कण रुतलेला असू शकतो. तो काडीने किंवा ओढणीच्या टोकाने काढू नका. नजर अंधूक झाली, पांढरा ठिपका दिसला, पू आला किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठा. जालन्यात श्री गणपती नेत्रालय आहे.

‘एकच टाका मारायचाय’ म्हणून मुखवटा बाजूला राहतो आणि तोच टाका महागात पडतो. साधा काळा चष्मा पुरत नाही. वेल्डिंगच्या काचेचा, चेहरा झाकणारा मुखवटाच हवा. जवळ उभ्या मुलांनाही तीच इजा होते. त्यांना दूर ठेवा.

डोळे ही अल्लाहची अमानत आहे. घराची रोजी कमावणाऱ्या मुलाला नवा मुखवटा घेऊन देणे, हेही तिचे जतनच.