कच्चा माल आणि कारखानदारी

ज्या मूळ पदार्थावर प्रक्रिया करून कारखान्यात पक्का माल तयार होतो, त्यास कच्चा माल म्हणतात. या मालाच्या उगमावरून उद्योगांचे प्रमुख चार वर्ग पडतात. ऊस, कापूस व तेलबिया यांवर चालणारे उद्योग शेतीवर आधारलेले होत. दूध, कातडी व लोकर यांवर चालणारे पशुधनावर. बांबू, लाकूड व लाख यांवर चालणारे वनसंपत्तीवर. आणि लोहखनिज, चुनखडी इत्यादींवर चालणारे खनिजांवर आधारलेले असतात. नांगर शेतात चालतो. परंतु 1910 मध्ये किर्लोस्करवाडीस उभारलेला लोखंडी नांगरांचा कारखाना चौथ्या वर्गात मोडतो. कारण वर्ग ठरतो तो कच्च्या मालावरून, गिऱ्हाइकावरून नव्हे.

तथापि एकाच वर्गातील दोन उद्योगांची रीत सारखी नसते. शंभर किलो कापसापासून सुमारे 33 ते 35 किलो रुई निघते. उरते ती मुख्यतः सरकी. म्हणून सरकी वेगळी करणारे जिनिंगचे कारखाने कापसाच्या मुलखातच असतात. रुईची गाठ मात्र नासत नाही आणि सूत काढताना तिचे वजनही फारसे घटत नाही. त्यामुळे कापूस पिकत नसलेल्या मुंबईतही 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांना सूतगिरणी स्थापन करता आली.

उसाचे तसे नाही. शंभर किलो उसातून साधारणतः दहा-अकरा किलोच साखर मिळते. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला, की त्याचे वजन व साखरेचे प्रमाण दोन्ही घटतात. त्यामुळे कारखाना उसाच्या शिवाराजवळच असावा लागतो.

या भेदाचा परिणाम थेट शेतकऱ्याच्या पदरात पडतो. कापूस कोरड्या जागी साठवून भावाची वाट पाहता येते. तोडलेल्या उसाला एक दिवसाचाही धीर नसतो. ज्याला थांबता येत नाही, त्याला भावासाठी अडूनही बसता येत नाही. या अडचणीवर कारखान्याची मालकीच उत्पादकांकडे असणे, हा एक उपाय ठरला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला, तो याच तत्त्वावर.

म्हणून कारखान्यासाठी पीक घेण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी तीन गोष्टी पाहाव्यात : माल किती दिवस टिकतो, प्रक्रियेत त्याचे वजन किती घटते, आणि तो घेणारा कारखाना किती अंतरावर आहे. माल जितका नाशवंत व वजनात घटणारा, तितका विक्रीचा करार लागवडीपूर्वीच पक्का करणे अगत्याचे होय.