रिकाम्या रानाचा हिशेब

संक्रांत ओलांडली की मराठवाड्यातल्या गेवराई तालुक्यातली कापसाची शेवटची वेचणी उरकत येते. पऱ्हाट्या उपटून बांधाला लागतात, काही सरपणासाठी घरी जातात, उरलेल्या जागेवरच पेटवल्या जातात. गावातली कितीतरी कुटुंबे या वेळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. शाळू किंवा हरभरा निघाला की उरलेले रानही मोकळे होते. तेव्हापासून मृगाच्या पावसापर्यंत आपण म्हणतो, रान पडून आहे, जमीन विश्रांती घेते आहे. पिकाच्या बाजूने पाहिले तर ते खरेच आहे. कर्बाच्या बाजूने पाहिले तर याच काळात माती आपल्या शिलकीतून खर्च करत असते, आणि तो खर्च कुणीच मांडत नाही. वर्षाचा हिशेब पीक उभे असतानाच्या महिन्यांवरून करायचा नसतो, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

हा धडा जगाला अलीकडेच शिकवला तो उत्तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या मातीने. अलास्का, उत्तर कॅनडा आणि सायबेरियातल्या कायम गोठलेल्या जमिनींत हजारो वर्षे न कुजलेल्या वनस्पतींचा साठा आहे. त्यातला सेंद्रिय कर्ब आजच्या वातावरणातल्या एकूण कर्बाच्या जवळपास दुप्पट भरतो. उन्हाळ्यात तेथे शेवाळे, गवते, झुडपे वाढतात आणि हवेतला कर्ब शोषतात. हिवाळ्यात सारे गोठते, म्हणून मातीही झोपते असे बराच काळ धरले गेले. अंधार आणि कडाका यांमुळे हिवाळ्यात मोजमापेही फार थोडी होत. शास्त्रज्ञ सुसान नताली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक ठिकाणांची हिवाळी मोजमापे एकत्र केली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला. ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत या प्रदेशातून वर्षाला सुमारे १.७ अब्ज टन कर्ब बाहेर पडतो, तर वाढीच्या मोसमात वनस्पती शोषतात तो सुमारे १ अब्ज टन. तापमान वाढले की तिकडचा उन्हाळा लांबेल, हिरवाई वाढेल आणि तूट आपोआप भरून निघेल, असा एक दिलासा दिला जात असे. हिवाळ्याचे आकडे मांडल्यावर तो टिकत नाही. २०२४ च्या अमेरिकी आर्क्टिक अहवालानेही वणव्यांचा धूर धरून हेच सांगितले, की तेथील टुंड्रा आता कर्ब साठवण्यापेक्षा सोडते अधिक.

गोठलेली माती श्वास कशी घेते? शून्याखालीही मातीच्या कणांभोवती पाण्याचा अतिशय पातळ, न गोठलेला थर राहतो. त्या थरात सूक्ष्मजीव मंदपणे का होईना, सेंद्रिय पदार्थ फोडत राहतात आणि कर्बवायू सोडतात. उणे २० अंशांपर्यंत हे काम पूर्ण थांबत नाही. म्हणजे खरी मर्यादा थंडीची नसून द्रवरूप पाण्याची आहे. इथे सायबेरिया आणि मराठवाडा एकमेकांशेजारी येऊन बसतात. तिकडे पाणी बर्फात अडकते, इकडे ते उन्हाने उडून जाते, आणि दोन्हीकडे सूक्ष्मजीव पाण्याची वाट पाहत दबा धरून राहतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, काळ्या रानाला हात शिरेल अशा भेगा पडतात, तेव्हा मातीचा श्वास मंद असतो. मग पहिला पाऊस पडतो. मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष आणि फुटलेल्या ढेकळांतला आतवर दडलेला कर्ब अचानक खाद्य म्हणून मोकळा होतो आणि काही तासांतच कर्बवायूचा लोंढा सुटतो. एच. एफ. बर्च या संशोधकांनी केनियातल्या मातीवर हे दाखवले, १९५८ साली त्यावर लिहिले, आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या पहिल्या सरीच्या वासाने आपण सुखावतो, तो वासही मातीतल्या सूक्ष्मजीवांनीच तयार केलेला असतो. पुढे रानाला वापसा येतो. हवा आणि ओल दोन्ही जमून आलेली ही स्थिती पेरणीला जितकी चांगली, तितकीच सूक्ष्मजीवांना. पण तेव्हा रानात पीक नसते. कर्ब बाहेर जातो आणि त्या बदल्यात आत काहीच येत नाही.

किती जातो, हे समजण्यासाठी माती परीक्षणाकडे जवळून पाहावे लागेल. पीक निघाल्यावर रानात ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेतात, त्यांच्या कडेची माती घमेल्यात गोळा करतात, ढीग करून चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग टाकतात, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहतात. प्रयोगशाळेत त्यातली चिमूटभर माती नारिंगी रंगाच्या डायक्रोमेटच्या द्रावणात घालून तीव्र गंधकाम्ल ओततात. द्रावण तापते, आणि कर्ब जितका जास्त तितकी नारिंगी छटा हिरवटाकडे झुकते. त्यावरून जमिनीच्या आरोग्यपत्रिकेवर ०.४ किंवा ०.५ टक्के असा एक आकडा येतो. ०.५ च्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे भरपूर. दशांशातला हा आकडा किरकोळ वाटतो. पण एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण नऊ लाख किलो धरतात. ०.५ वरून ०.४ वर येणे म्हणजे नऊशे किलो कर्ब गमावणे. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात कर्बाच्या साधारण एक दशांश नत्र असते. त्या हिशेबाने कर्बासोबत ऐंशी-नव्वद किलो नत्रही जाते, म्हणजे युरियाच्या जवळपास चार गोण्या. शिवाय कण घट्ट धरणारा डिंक जातो, माती चिकट आणि कडक होते, आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, तोही लहरी असलेल्या तालुक्यात शेवटचे नुकसान सर्वात महाग पडते.

यावर पहिला आक्षेप असा, की मराठवाड्याच्या उन्हात कर्ब टिकणारच नाही, कितीही घाला. उष्णतेने कुजणे वेगाने होते हे खरे आहे. पण हैदराबादजवळ पटनचेरू येथे, इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या आवारात, आपल्यासारख्याच काळ्या जमिनीवर १९७६ पासून एक प्रयोग चालू आहे. एका बाजूला पावसाळ्यात रान पडीक ठेवून फक्त रब्बी पीक घेण्याची जुनी पद्धत, दुसऱ्या बाजूला रुंद वरंबा-सरी, पावसाळ्यात ज्वारीत तुरीचे आंतरपीक, खते आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला. सुधारित भागाने हेक्टरी सरासरी पाच टनांच्या आसपास धान्य दिले, जुन्या पद्धतीने सुमारे एक टन. आणि सुधारित भागात वर्षाला हेक्टरी सुमारे तीनशे किलो कर्ब अधिक साठत गेला. ऊन दोन्हीकडे तेच होते. फरक पडला तो रान किती महिने झाकलेले होते आणि त्यात किती मुळे व पाला परतला यामुळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो शेतकऱ्याच्या अनुभवातून येतो. उन्हाळी नांगरट केली नाही तर किडीचे कोष आणि हुमणी मरत नाहीत, आणि पऱ्हाट्या रानात राहिल्या तर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात पोहोचते. हे नाकारता येत नाही. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस, घेऊ नये, पऱ्हाट्या वेळेत रानातून काढाव्यात, हा सल्ला योग्यच आहे. पण काढणे म्हणजे जाळणे नव्हे. काडी जळली की तिच्यातला जवळपास सारा कर्ब तासाभरात हवेत जातो. तीच काडी यंत्राने बारीक करून खड्ड्यात शेणासोबत नीट कुजवली तर खताच्या उष्णतेत अळीही मरते आणि कर्बाचा काही भाग रानात परततो. जायकवाडीच्या कालव्याखालच्या उसाच्या पाचटाचेही तसेच आहे. एकरी तीन-चार टन पाचट सरीत दाबले तर ओल टिकते, पेटवले तर राख उरते. नांगरटीबद्दल मात्र टोकाची भूमिका घेऊ नये. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे बिननांगरणीचे सगुणा तंत्र पिकाची मुळे जमिनीतच कुजू देते, आणि हा विचार मोलाचा आहे. तरी नांगर थांबवला आणि वरून काहीच घातले नाही, तर कर्ब आपोआप वाढत नाही. जिथे किडीचा खरा उपद्रव आहे तिथे नांगर चालावा. दरवर्षी सवयीने, सगळे रान, खोलवर नांगरण्याला आधार नाही.

पण काडी कुजवायला माणूस लागतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत माणूस गावात नसतो. जनावरे कमी झाली, शेण कमी झाले, आणि पऱ्हाटीवर ज्या घराची चूल पेटते त्या घराला कर्बाचे धडे देणे अन्यायाचे होईल. म्हणून हा भार एकट्या शेतकऱ्याच्या इच्छाशक्तीवर टाकता येणार नाही. काडी बारीक करणारे यंत्र गावपातळीवर भाड्याने मिळणे, कंपोस्टच्या कामाला रोजगार हमीची मजुरी मिळणे, हे धोरणाचे काम आहे. जगाच्या धुराड्यांपुढे गेवराईच्या रानाचा कर्बवायू नगण्य आहे, हेही मान्य. पण इथला मुद्दा दोषाचा नसून शेतकऱ्याच्या स्वतःच्या भांडवलाचा आहे.

ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर राबून ती फेडते. उचल किती, फिटली किती, हे त्या घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. मागे राहिलेल्या रानाकडूनही आपण दरवर्षी उचल घेतो, फक्त ती कुठे लिहिलेली नसते आणि तिच्या वसुलीला कुणी दारात येत नाही. पावसाने वीस दिवस ओढ दिली की ती वसूल होते. शेजारच्या रानातले पीक तग धरून असते आणि आपले मान टाकते. दर तीन वर्षांनी त्याच रानाची माती त्याच महिन्यात तपासून तो एक आकडा उचलीच्या वहीत लिहून ठेवला, तर निदान कर्ज किती आहे ते कळेल. फेडायची सुरुवात तिथूनच होते.