विरूपण-आकृती, संगणकीय
भार, तापमान, भूकंप इत्यादींमुळे पूल, इमारत किंवा यंत्रभाग यांच्या आकारात होणारा बदल संगणकीय सदृशीकरणावरून दाखविणाऱ्या चित्रास विरूपण-आकृती म्हणतात. अशा चित्रात मूळ संरचना एका प्रमाणात रेखाटलेली असते, तर तिच्या बिंदूंची स्थानांतरणे त्याखेरीज आणखी एका संख्येने गुणून दाखविलेली असतात. या संख्येस विवर्धन गुणक म्हणता येईल. एकाच चित्रात दोन प्रमाणे नांदत असल्याने गुणक न पाहता चित्र वाचणारा हमखास फसतो.

विवर्धनाची गरज उदाहरणावरून कळेल. शिवडी ते चिर्ले हा २१.८ किमी. लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याचा सर्वांत मोठा पोलादी गाळा १८० मी. आहे. वाहनांच्या भाराखाली गाळ्याच्या लांबीच्या एक-आठशेांश बाक येऊ दिला, असे उदाहरणादाखल धरल्यास तो २२.५ सेंमी. होतो. १८ सेंमी. लांबीच्या चित्रात हा बाक ०.२२५ मिमी., म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढाच उमटेल. गुणक ५० घेतला, तर तो १ सेंमी. हून थोडा अधिक होऊन डोळ्यांस दिसेल. सह्याद्रीचा उभा छेद काढताना भूगोलाच्या पुस्तकांत उंची ताणून दाखवितात, तीही याच गरजेपोटी. तेथे कोणी घाटमाथ्याला खरोखरीची भिंत समजत नाही.

अशी आकृती बहुधा सांत घटक पद्धतीने मिळते. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांच्या १९५६ मधील निबंधाने या पद्धतीचा अभियांत्रिकी पाया घातला आणि क्लफ यांनी १९६० मध्ये तिला हे नाव दिले. संरचनेचे लहान घटकांत विभाजन करून त्यांच्या जोडबिंदूंची स्थानांतरणे समीकरणांनी काढतात. गणना येथे संपते. गुणक हा केवळ रेखाटनाचा भाग असून त्याने स्थानांतरण वा प्रतिबल यांच्या उत्तरांत काहीही फरक पडत नाही.

गुणक सांगितला नाही, तर आज्ञावली तो स्वतःच ठरविते. महत्तम स्थानांतरण संरचनेच्या लांबीच्या ५ टक्के दिसावे, अशी योजना काही आज्ञावल्यांत असते. काहींत ती १० टक्के असते. त्यामुळे १० मी. लांबीच्या दोन तुळयांपैकी एकीचा बाक ५ मिमी. व दुसरीचा ४० मिमी. असला, तरी ५ टक्क्यांच्या नियमाने अनुक्रमे १०० व १२.५ हे गुणक वापरले जाऊन दोन्ही चित्रांत बाक सारखाच दिसतो. तुलनेसाठी शेजारी मांडलेल्या चित्रांचा गुणक एकच असला पाहिजे. रंगपट्टीलाही हेच लागू पडते : तांबडा रंग त्या चित्रातील महत्तम मूल्य दाखवितो, धोका नव्हे.

हा प्रश्न नवी मुंबईसारख्या शहरात निव्वळ तांत्रिक राहत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ३० वर्षांहून अधिक काळ वापरात असलेल्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करावे लागते. अशा परीक्षणाच्या अहवालात वाकलेल्या इमारतीचे चित्र आले, तर ते रहिवाशांच्या हाती पडते. भारतीय मानक १८९३ प्रमाणे अभिकल्पित भूकंप-बलाखाली मजल्याचे सापेक्ष आडवे सरकणे त्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे ३ मी. उंचीच्या मजल्यास १२ मिमी. इतके चालते. चार मजल्यांचे मिळून ४८ मिमी. झाले. गुणक १०० असल्यास १२ मी. उंचीची ही इमारत चित्रात ४.८ मी. कललेली, जणू कोसळत असलेली दिसेल, पण ती मर्यादेत आहे. उलट मर्यादेच्या अडीचपट, म्हणजे १२० मिमी. सरकलेली इमारत गुणक १ ठेवल्यास जवळजवळ सरळ भासेल. दुसरी चूक अधिक घातक होय.

विवर्धनाने काही आभासही निर्माण होतात. रेषीय गणनेत फिरणारा बिंदू वर्तुळावरून न जाता स्पर्शिकेवरून सरकतो. एखादा दांडा ०.०१ अरीय कोनातून फिरला व गुणक १०० असला, तर चित्रात तो मूळच्या सुमारे १.४१ पट लांब दिसतो. प्रत्यक्षात त्याची लांबी बदललेली नसते. तसेच स्थानांतरण वाढविले जाते, पण दोन भागांमधील फट वाढत नाही. परिणामी २० मिमी.चा प्रसरण-सांधा केवळ ५ मिमी. मिटत असला, तरी चित्रात गाळे एकमेकांत घुसलेले दिसतात. मोठ्या विरूपणाच्या अरेषीय गणनेत म्हणूनच गुणक १ ठेवणे इष्ट असते.

तरीही ताणलेले चित्र हा दोष नव्हे. घट्ट बसविलेल्या टोकाशी तुळईचा उतार शून्य दिसतो की नाही, एखादा जोड सुटून भाग मोकळा तर तरंगत नाही, आधार विसरला तर गेला नाही, हे आकड्यांच्या तक्त्यापेक्षा त्यातच चटकन कळते. कंपनाच्या प्रकारांच्या आकृत्यांत मात्र केवळ आकारच पाहावयाचा असतो. तेथील स्थानांतरणाचे मान मुळातच ऐच्छिक असल्याने त्यावरून मिलिमीटर मोजणे निरर्थक ठरते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या सळया व तडकलेले काँक्रीट तर गणनेत मुद्दाम घातल्याशिवाय कोणत्याही गुणकाने चित्रात उतरत नाही.