घरी विजेची भट्टी घेताना

पन्नाशीनंतर माणसं कविता करू लागतात. माझ्या कविता आधीच करून झाल्या होत्या, म्हणून मी चाकू करायला घेतले!

बेशाला घराच्या अंगणात विटा रचून कोळशाची भट्टी पेटवली. बेअरिंगसाठी वापरतात त्या पोलादाची पट्टी घासून पातं केलं, तापवलं, तेलात बुडवलं. दोन दिवसांनी नारळाच्या करवंटीवर चालवलं, तर टोकाचा तुकडा उडून कानाजवळून गेला. चार बोटं अलीकडून गेला असता तर डोळा गेला असता.

चूक कुठं झाली? मी भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात तापवत होतो. उन्हात लाल झालेलं लोखंड काळपटच दिसतं. म्हणून मी भाता मारत राहिलो आणि पोलाद गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापलं. जास्त तापलं की त्याचे आतले कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ बनतं. लोहार सावलीत का बसतो, हे मला तेव्हा कळलं. नागपूरजवळ पेंच नदीच्या काठी नैकुंडला लोखंड गाळण्याची सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची भट्टी उत्खननात सापडली आहे. तिथल्या कारागिरांचं तापमापक म्हणजे त्यांचे डोळेच. माझ्या डोळ्यांना तेवढा सराव नाही.

पोलादाला पाणी देणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं. बेअरिंगच्या पोलादाला त्याहून थोडं वर, ८२० ते ८४० अंशांवर न्यायचं, काही मिनिटं तिथंच ठेवायचं आणि तेलात विझवायचं. आता ते काचेसारखं कडक, पण काचेसारखंच फुटणारं असतं. म्हणून लगेच २०० अंशांच्या आसपास तास-दोन तास पुन्हा तापवायचं. यातलं ‘तिथंच ठेवायचं’ हे कोळशाला जमत नाही. विजेच्या भट्टीचे पैसे आपण त्याचसाठी मोजतो.

दुकानदार मात्र ‘१,२०० अंशांपर्यंत जाते’ हे पहिलं सांगतो. न गंजणाऱ्या पोलादाचे चाकू करायचे असतील तर हजाराच्या वर जावं लागतं, हे खरं. साध्या कार्बन पोलादाला त्याची गरज नाही. आपण विचारायचं ते हे, की तापमान मोजणारी तार पात्याजवळ आहे की कोपऱ्यात? आकडा खरा की खोटा, हे स्वयंपाकघरातल्या मिठानं तपासता येतं. मीठ ८०१ अंशांना वितळतं. लोखंडी झाकणात चिमूटभर ठेवून पाहावं. जास्त नको, त्याची वाफ तापणाऱ्या तारांना खाते.

खोली आपल्या सर्वांत लांब पात्यापेक्षा चार बोटं जास्त असावी, कारण दाराजवळ नेहमी थंड असतं. तलवारी करायच्या नसतील तर उगाच मोठी घेऊ नये. तीन किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टवर तेरा अँपिअर ओढते. तिला सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग, स्वतंत्र एमसीबी आणि खरोखरचं अर्थिंग हवं. आणि उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज २००वर आलं, तर तिची ताकद पाऊणच उरते! मग भट्टी बिघडली म्हणून ओरडू नये.

भिंती विटांच्या की तंतूच्या, हा वाद चालतो. तंतूची लवकर तापते, पण त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. मी विटांची पसंत केली. मला घाई नव्हती. दोनशे अंशांच्या कामाला मात्र घरातला छोटा ओव्हन बरा. मोठी भट्टी इतक्या खाली आकडा ओलांडून पुढे पळते. विझवण्याचं तेल झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर ठेवावं.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. आतल्या तारांत वीज खेळत असते आणि आपल्या हातात लोखंडी सांडशी असते. दार उघडताच वीज आपोआप तुटली पाहिजे. पहिल्या दुकानात मी चालू भट्टीचं दार उघडायला लावलं. तारांचा प्रवाह दाखवणारा दिवा तसाच जळत राहिला. ‘साहेब, सवय होते,’ दुकानदार म्हणाला. मी चपला घातल्या. दुसऱ्या दुकानात भट्टी दीड हजारानं महाग होती, पण दार उघडताच दिवा विझला.