तोंडात नाणी, खापरावर नाव

प्राचीन अथेन्सच्या माणसाच्या अंगावर खिसा नव्हता. मग बाजारात सुटे पैसे ठेवायचे कुठे? गालात! चांदीचा ओबोल जेमतेम पाऊण ग्रॅमचा, तीन-चार सहज मावत. ॲरिस्टोफेनिसच्या ‘गांधीलमाश्या’ या इ.स.पू. ४२२ मधल्या नाटकात एक म्हातारा कोर्टातून तीन ओबोल कमावून घरी येतो, तेव्हा त्याची लेक लाडीगोडी लावून बाबांच्या तोंडातलीच कमाई काढून घेते.

हे तीन ओबोल म्हणजे ज्युरीचा रोजचा भत्ता. निकाल देणारा वेगळा न्यायाधीश नव्हताच. दरवर्षी ६,००० नागरिकांची यादी होई आणि त्यातले २०१ किंवा ५०१ जण एकेका खटल्याला बसत. पुढच्या शतकात तर निवडीसाठी ओळीने खाचा पाडलेली दगडी शिळा आली. प्रत्येकाच्या नावाची पट्टी खाचेत खोचायची, बाजूच्या नळीतून गोटी सोडायची. पांढरी पडली तर ती अख्खी ओळ कोर्टात, काळी पडली तर घरी. लाच द्यायची तरी कुणाला? माझ्या मते ही त्या शहराची सगळ्यात हुशार युक्ती. वक्त्यांनाही लगाम होता. भोक पाडलेल्या मडक्यातून पाणी गळे, ते संपलं की भाषण संपलं. उत्खननात सापडलेलं असं एक मडकं साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं.

लोकसभा भरायची प्निक्स टेकडीवर, पण गप्पा रंगायच्या खाली अगोरात, म्हणजे भर बाजारात. मग लाल रंगात भिजवलेला दोर ताणून लोकांना टेकडीकडे हाकलत. कपड्यावर लाल डाग पडला, की चुकारपणा साऱ्या गावाला दिसला!

आता खापराची गोष्ट. एखादा पुढारी डोईजड झालाय असं वाटलं, तर फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरून मत द्यायचं. आरोप नाही, खटला नाही, बचावाचं भाषणही नाही. किमान ६,००० खापरं जमली, की ज्याचं नाव सर्वाधिक तो दहा वर्षं शहराबाहेर. त्याची मालमत्ता आणि नागरिकत्व मात्र शाबूत राही. पर्शियन आरमाराला सॅलमिसला धूळ चारणारा थेमिस्टोक्लीसही यातून सुटला नाही. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत त्याच्या नावाची सुमारे १९० खापरं सापडली. अक्षर तपासलं तर ती मोजक्याच हातांनी लिहिलेली! म्हणजे विरोधकांनी तयार मतं वाटायला आणून ठेवली होती. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही निवडणुकीची चलाखी विहिरीच्या गाळाने जपून ठेवली.

संध्याकाळी मौजही तशीच. मेजवानीत वाइन पाणी घालूनच प्यायची. पाणी न घालता पिणारा तो रानटी. पेल्यात उरलेला गाळ बोटाच्या झटक्याने नेमका निशाण्यावर उडवायचा, या खेळाचं नाव कोट्टाबोस. पाहुणे पुरुषच. घरच्या बायकांना त्या दालनात जागा नव्हती आणि टेकडीवरच्या सभेतही नव्हती. गुलामांना आणि परगावाहून येऊन स्थायिक झालेल्यांनाही मत नव्हतं. ज्यांच्या कष्टांवर हा सगळा कारभार उभा होता, त्यांच्या हाती ते खापर कधीच आलं नाही. अथेन्सचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

त्या शहरातल्या लहानग्यांचीही एक वस्तू टिकली आहे. बाळाला बसवायची मातीची शीची खुर्ची, समोर पाय बाहेर काढायला भोक असलेली, वर रंगीत नक्षी! अथेन्सला गेलात तर पार्थेनॉन बघाच, पण खाली अगोरातलं संग्रहालय चुकवू नका. खापरं, पाण्याचं घड्याळ, खाचांची शिळा आणि ही खुर्ची तिथे एकाच छताखाली आहेत.